स्वित्झर्लंडची रेल्वे: इतिहास आणि प्रवास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडला निघालेल्या पर्यटकाला रेल्वेविषयी बहुधा दोनच गोष्टी विचारायच्या असतात: पास कोणता काढावा, आणि काचेच्या छताची ती प्रसिद्ध गाडी कोणती. दोन्हींची उत्तरे पुढे दिली आहेत. मात्र ही रेल्वे कोणी, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने उभारली हे ठाऊक असले, की तिकिटांचे आणि वेळापत्रकाचे पुष्कळसे नियम आपोआप उलगडतात. म्हणून इतिहासाचे प्रश्न आधी घेतले आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट पासच्या प्रश्नाकडे वळावे.

स्वित्झर्लंडमध्ये पहिली रेल्वे कधी धावली?

याची दोन उत्तरे आहेत. स्विस भूमीवर पहिली आगगाडी १८४४ मध्ये आली. पण ती फ्रान्समधील स्ट्रासबुर्गहून बाझलपर्यंत वाढवलेल्या फ्रेंच मार्गावरची होती. संपूर्णपणे देशातला असा पहिला मार्ग झ्युरिक ते बाडेन हा होता आणि तो ऑगस्ट १८४७ मध्ये सुरू झाला. बाडेनला 'श्पानिश ब्रोट्ली' नावाचा एक खुसखुशीत पदार्थ मिळत असे आणि झ्युरिकच्या श्रीमंत घरांतून त्याला मोठी मागणी होती. रेल्वे आल्यावर तो ताजाच्या ताजा झ्युरिकला पोहोचू लागला, आणि लोकांनी त्या गाडीला त्या पदार्थाचेच नाव देऊन टाकले.

शेजारच्या देशांच्या मानाने ही सुरुवात उशिराचीच म्हणायची. १८४८ ची राज्यघटना होईपर्यंत प्रत्येक कॅन्टनचा, म्हणजे घटक राज्याचा, जकात आणि चलनाचा कारभार वेगळा होता. अशा तुकड्या-तुकड्यांच्या देशात लांब पल्ल्याचा लोहमार्ग आखणे हे डोंगर फोडण्याइतकेच अवघड होते.

रेल्वे आधी खासगी होती म्हणतात. मग ती सरकारी कशी झाली?

नव्या संघराज्याने १८५० मध्ये प्रसिद्ध इंग्रज अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन याच्याकडून देशभराच्या लोहमार्गांचा आराखडा मागवला होता. परंतु १८५२ च्या कायद्याने रेल्वे बांधण्याचे काम खासगी कंपन्यांवर आणि परवाने देण्याचे काम कॅन्टनांवर सोपवले. या धोरणामागचा सर्वांत वजनदार माणूस म्हणजे झ्युरिकचा राजकारणी आणि उद्योजक आल्फ्रेड एशर. रेल्वेला भांडवल हवे म्हणून १८५६ मध्ये त्याने बँक काढली, आणि पुढे शतकाहून अधिक काळ ती देशातल्या सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक राहिली. अभियंते घडवणाऱ्या झ्युरिकच्या तंत्रविद्यालयाच्या स्थापनेतही त्याचा मोठा वाटा होता.

पुढची काही दशके कंपन्यांनी एकमेकींना शह देण्यासाठी मार्ग बांधले. त्यातूनच, बड्या भांडवलदारांना विरोध म्हणून, काही शहरांनी स्वतःच्या हमीवर 'नॅशनलबान' नावाची कंपनी उभारली. १८७८ मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि विंटरथूरसारख्या शहरांना त्या कर्जाचे हप्ते पुढे कित्येक दशके फेडावे लागले. १८९१ मध्ये बाझलजवळ म्युन्खेनश्टाइन येथे लोखंडी पूल गाडीखाली कोसळला आणि सत्तरहून अधिक माणसे दगावली. गुस्ताव आयफेलच्या कंपनीने बांधलेला हा पूल पडल्यानंतर देशभरातल्या पुलांची तपासणी झाली आणि बांधकामाचे कडक नियम आले. रेल्वे भागधारकांच्या हाती असावी की जनतेच्या, हा वाद तोवर पुरता पेटला होता. २० फेब्रुवारी १८९८ च्या सार्वमतात लोकांनी मोठ्या कंपन्या विकत घेण्याच्या बाजूने स्पष्ट कौल दिला, आणि १९०२ च्या आरंभी स्विस संघराज्याची रेल्वे, म्हणजे आजची 'एसबीबी', रीतसर सुरू झाली. गॉटहार्डची कंपनी मात्र १९०९ मध्ये सरकारकडे आली.

सगळे काही सरकारी झाले, असे मात्र मानू नये. आजही बीएलएस, रेटियन रेल्वे, मॅटरहॉर्न गॉटहार्ड रेल्वे अशा अनेक स्वतंत्र कंपन्या आहेत; त्यांचे बहुतेक भांडवल कॅन्टन आणि गावे यांचे असते. प्रवाशाला हा भेद जाणवत नाही, कारण एकच तिकीट सर्वांच्या गाड्यांत चालते.

गॉटहार्डच्या बोगद्याला इतके महत्त्व का दिले जाते?

उत्तर युरोप आणि इटली यांच्यामध्ये आल्प्स आडवा पडला आहे, आणि गॉटहार्डची खिंड हा तो ओलांडण्याचा जवळचा रस्ता आहे. तिच्याखालून रेल्वे नेण्यासाठी स्वित्झर्लंडबरोबर इटली आणि जर्मनीनेही पैसे दिले. सुमारे १५ किलोमीटरच्या या बोगद्याचे काम १८७२ मध्ये सुरू झाले. कंत्राटदार लुई फाव्र याने ते आठ वर्षांत पुरे करण्याचे आणि उशीर झाल्यास जबर दंड भरण्याचे मान्य केले होते, आणि त्या अटीची किंमत मजुरांनी मोजली.

मजूर बहुतांशी इटालियन होते. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ड्रिलने भोके पाडायची, त्यात डायनामाइट भरायचा, स्फोट झाला की धूर पुरता निवळण्याआधीच दगड उपसायचे, असा क्रम रात्रंदिवस चालत असे. आत उष्मा तीस अंशांच्या वर असायचा, पाणी गुडघ्यापर्यंत असायचे, आणि शौचाची सोय नसल्याने अंकुशकृमीची साथ इतकी पसरली की तो आजार या बोगद्यामुळेच युरोपीय वैद्यकात गाजला. १८७५ मध्ये गोशेनेन येथे मजुरांनी संप केला, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार होऊन चार जण मारले गेले. नोंद झालेल्या अपघाती मृत्यूंची संख्या दोनशेच्या घरात आहे. आजाराने नंतर गेलेल्यांची गणती त्यात नाही.

खुद्द फाव्र १८७९ मध्ये बोगद्याची पाहणी करताना आतच कोसळला आणि मरण पावला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस दोन्ही बाजूंची खोदाई एकमेकींना भिडली. पलीकडून आलेल्या ड्रिलच्या भोकातून पहिली वस्तू पाठवली गेली ती पत्र्याची एक डबी, आणि तिच्यात फाव्रचे छायाचित्र होते. दोन्ही बाजूंच्या आखणीत आडवा फरक निघाला अवघा ३३ सेंटीमीटरचा, आणि उभा ५ सेंटीमीटरचा. संगणक आणि लेसर नसताना, डोंगराच्या माथ्यावरून मोजमापे घेऊन हे साधले होते. १८८२ मध्ये मार्ग खुला झाला.

नवा गॉटहार्ड बोगदा कोणता, आणि पर्यटकाने कोणत्या मार्गाने जावे?

नवा पायथ्याचा बोगदा ५७ किलोमीटरचा असून जगातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा आहे. १९९२ च्या सार्वमतात लोकांनी आल्प्सखालच्या नव्या मार्गांना मान्यता दिली. डोंगरातल्या रस्त्यांवरून जाणारी मालमोटारींची रीघ रेल्वेवर वळवावी, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. जून २०१६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरपासून नियमित गाड्या धावू लागल्या. या कामात नऊ जणांचा मृत्यू झाला. पुढे २०२० मध्ये दक्षिणेकडील चेनेरी बोगदाही सुरू झाला, आणि झ्युरिकहून लुगानोला दोन तासांच्या आत पोहोचता येऊ लागले.

लवकर पोहोचणे हाच हेतू असेल, तर नव्या बोगद्यातून जावे. त्यात वीसेक मिनिटे अंधाराखेरीज काही दिसत नाही. वेळ असेल तर जुना डोंगरी मार्ग न चुकवणे बरे. वासेन गावाजवळ उंची गाठण्यासाठी लोहमार्ग डोंगराच्या पोटात वळसे घेतो, त्यामुळे गावातले छोटे पांढरे चर्च एकदा वर डोक्याशी, एकदा डोळ्यांच्या पातळीवर आणि एकदा खाली पायथ्याशी असे तीनदा दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही तीन वेगळी चर्चे वाटतात. या मार्गावर पर्यटकांसाठी खास गाडी आहे. पण 'ट्रेनो गोट्टार्डो' नावाची साधी गाडीही त्याच रुळांवरून जाते. तिला आरक्षण लागत नाही, आणि चर्च तिच्यातूनही तीनदाच दिसते.

दातेरी रुळांची डोंगरी रेल्वे कशी चालते?

गुळगुळीत रुळांवर गुळगुळीत चाक ठराविक चढापलीकडे घसरू लागते. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी बसवतात आणि इंजिनाखालचे दातेरी चाक त्यात अडकत अडकत गाडीला वर ओढते. निकलाउस रिगेनबाख याने ही पद्धत वापरून १८७१ मध्ये विट्झनाउहून रीगी डोंगरावर जाणारी युरोपातील पहिली डोंगरी दातेरी रेल्वे सुरू केली.

पिलाटस डोंगरावर अडचण वेगळी होती. तिथला चढ काही ठिकाणी ४८ टक्के आहे, म्हणजे दर शंभर मीटरला अठ्ठेचाळीस मीटर उंची. एवढ्या चढावर उभे दाते असते, तर चाक दात्यांवरून उसळून बाहेर पडण्याचा धोका होता. एडुआर्ड लोखर याने दात्यांची पट्टी आडवी केली आणि तिला दोन्ही बाजूंनी आडवी चाके चिमटा घेतल्यासारखी भिडवली. १८८९ मध्ये सुरू झालेली ही रेल्वे आजही जगातील सर्वांत तीव्र चढाची दातेरी रेल्वे आहे. ज्यांना वाफेचे इंजिन पाहायचे आहे, त्यांनी १८९२ मध्ये सुरू झालेल्या ब्रिएन्झ रोथहॉर्न रेल्वेकडे जावे. तिथे वाफेची इंजिने आजही रोजच्या कामाला आहेत.

युंगफ्राऊयोखला रेल्वे नेण्याची कल्पना कोणाची?

आडोल्फ गुयर-त्सेलर या झ्युरिक परिसरातल्या कापड उद्योजकाची. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुलीबरोबर डोंगरात फिरत असताना त्याला ती सुचली आणि त्याने लगोलग कागदावर रेखाटून ठेवली. १८९६ मध्ये काम सुरू झाले. गुयर-त्सेलर १८९९ मध्येच वारला. सात वर्षांचे म्हणून ठरलेले काम सोळा वर्षे चालले, पैसा संपत गेला, आणि युंगफ्राऊच्या थेट शिखरापर्यंत जाण्याचा मूळ बेत सोडून १ ऑगस्ट १९१२ रोजी शिखराखालच्या खिंडीतच, म्हणजे युंगफ्राऊयोखला, शेवटचे स्थानक सुरू झाले. तेही ३,४५४ मीटरवर आहे आणि युरोपातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक आहे. आयगर आणि मोंख या शिखरांच्या पोटातून सात किलोमीटरहून अधिक बोगदा आहे आणि रेल्वे पहिल्या दिवसापासून विजेवर चालते.

एक सूचना: इतक्या उंचीवर हवा विरळ असते. वर पोहोचल्यावर धावपळ करू नये, आणि हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. वर ढग असतील तर काहीही दिसत नाही, आणि हे तिकीट स्वस्त नाही. त्यामुळे सकाळी स्थानकांतल्या पडद्यांवर दिसणारे वरच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्र पाहून मगच निघावे.

ही रेल्वे एवढ्या लवकर विजेवर कशी गेली?

स्वित्झर्लंडमध्ये कोळसा जवळपास नाही. पाणी आणि उतार मात्र भरपूर आहेत. पहिल्या महायुद्धात परदेशी कोळसा मिळेनासा झाला, दर भडकले आणि गाड्या रद्द कराव्या लागल्या. त्यानंतर रेल्वेने रिटोम, आम्श्टेग अशी स्वतःची जलविद्युत केंद्रे उभारली आणि १९२० च्या दशकाच्या आरंभीच गॉटहार्ड मार्गाचे विद्युतीकरण झाले. लांब नाकाडांची, मध्ये सांधा असलेली 'क्रोकोडाइल' इंजिने त्याच काळातली. बोरघाट आणि थळघाटात जुन्या लोकांनी 'खेकडा' म्हणून ओळखलेली विजेची इंजिने याच कुळातली होती आणि त्यांतली काही विंटरथूरच्या कारखान्यातून आली होती. आज स्विस रेल्वेला लागणारी सुमारे नव्वद टक्के वीज पाण्यापासून मिळते.

स्विस वेळापत्रकाचे एवढे कौतुक कशासाठी?

खरे तर या रेल्वेची सर्वांत मोठी निर्मिती बोगदा किंवा पूल नसून वेळापत्रक आहे, आणि पर्यटक नेमके तेच पाहायचे विसरतात. १९७० च्या दशकात काही तरुण अभियंत्यांनी कल्पना मांडली, की प्रत्येक मार्गावर दर तासाला, त्याच मिनिटाला गाडी सोडावी. २३ मे १९८२ पासून ती देशभर अमलात आली. पुढे १९८७ च्या सार्वमताने 'बान २०००' योजना मंजूर झाली. तिचे सूत्र असे, की गाडी शक्य तितकी वेगवान नव्हे, तर गरजेपुरती वेगवान असावी.

गरज कशी ठरवतात, हे पाहण्यासारखे आहे. मोठ्या स्थानकांत सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याआधी काही मिनिटे येतात आणि ठोक्यानंतर काही मिनिटांनी सुटतात, म्हणजे मधल्या वेळात कोणालाही कोणत्याही दिशेची गाडी पकडता येते. हे जमायचे तर दोन मोठ्या स्थानकांमधला प्रवास तासापेक्षा थोडा कमी वेळात व्हायला हवा. झ्युरिक–बर्न प्रवासाला तासाहून अधिक वेळ लागत होता. म्हणून मधल्या पट्ट्यात ताशी २०० किलोमीटर वेगाचा नवा मार्ग बांधला आणि डिसेंबर २००४ पासून हे अंतर ५६ मिनिटांवर आले. त्याहून वेग वाढवण्यात अर्थ नव्हता, कारण लवकर पोहोचलेला प्रवासी पुढच्या गाडीसाठी फलाटावर ताटकळलाच असता. आधी वेळापत्रक आखायचे आणि मग त्याला लागेल तेवढाच लोहमार्ग बांधायचा, असा हा उलटा क्रम आहे. डोंगरातल्या पिवळ्या पोस्टबसही याच साखळीत गुंफलेल्या असतात. बस गाडीची वाट पाहत स्थानकाबाहेर उभी असते.

पर्यटकाने कोणता पास घ्यावा?

तीन मुख्य पर्याय आहेत. 'स्विस ट्रॅव्हल पास' देशाबाहेरच्या रहिवाशांसाठीच असतो आणि ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्यात गाड्या, पोस्टबस, तळ्यांतल्या बोटी, बहुतेक शहरांतल्या ट्राम आणि पाचशेहून अधिक संग्रहालयांचा प्रवेश येतो. रीगीची रेल्वेही त्यात पूर्णपणे येते. पिलाटस, गोर्नरग्राट अशा बहुतेक डोंगरी मार्गांवर निम्मी सवलत मिळते. युंगफ्राऊयोखसाठी मात्र पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो आणि पुढच्या भाड्यात २५ टक्केच सवलत मिळते. अनेकांचा हिशेब इथेच चुकतो.

दुसरा पर्याय महिनाभर चालणाऱ्या अर्ध्या भाड्याच्या कार्डाचा. तो घेतल्यास जवळजवळ प्रत्येक तिकीट, युंगफ्राऊयोखसुद्धा, निम्म्या दरात मिळते. तिसरा पर्याय म्हणजे एका दिवसाचा सवलतीचा पास. तो जितका आधी काढावा तितका स्वस्त पडतो, मात्र दिवस बदलता येत नाही.

एकाच ठिकाणी मुक्काम करून दोन-तीन डोंगर चढणार असाल, तर अर्ध्या भाड्याचे कार्ड बहुधा स्वस्त पडते. रोज नव्या गावी फिरणार असाल, तर ट्रॅव्हल पास. चार-पाच प्रवासांचे मूळ भाडे रेल्वेच्या ॲपमध्ये पाहून कागदावर बेरीज करावी. दहा मिनिटांचे हे काम कोणत्याही एजंटच्या सल्ल्यापेक्षा खात्रीचे आहे. पास तपासताना पासपोर्ट मागतात, तो जवळ असावा.

मुलांना तिकीट लागते का?

सहा वर्षांखालील मुलांना लागत नाही. सहा ते सोळा वयाची मुले पासधारक आई किंवा वडिलांबरोबर असतील, तर त्यांना विनामूल्य फॅमिली कार्ड मिळते. ते पास घेतानाच मागून घ्यावे. काही दुमजली इंटरसिटी गाड्यांच्या एका डब्यात वरच्या मजल्यावर मुलांसाठी घसरगुंडीसह खेळायची जागा असते.

आरक्षण करावे लागते का?

देशांतर्गत साध्या गाड्यांना नाही. तिकीट किंवा पास असला, की त्या मार्गावरच्या कोणत्याही गाडीत बसावे. एक चुकली तर अर्ध्या-एक तासात दुसरी असते. स्वस्त 'सुपरसेव्हर' तिकिटे मात्र त्या एकाच गाडीपुरती असतात. ग्लेशियर एक्सप्रेस, बेर्निना एक्सप्रेस अशा खास गाड्यांना आरक्षण सक्तीचे असून त्याचे पैसे पासधारकालाही वेगळे भरावे लागतात.

ग्लेशियर एक्सप्रेस आणि बेर्निना एक्सप्रेस यांपैकी कोणती निवडावी?

ग्लेशियर एक्सप्रेस १९३० पासून झरमॅट आणि सेंट मॉरिट्झ यांच्यामध्ये धावते; २९१ पूल, ९१ बोगदे आणि जवळपास आठ तासांचा प्रवास. पूर्वी फुर्का खिंडीतला बर्फ आणि हिमलोट यांमुळे ती फक्त उन्हाळ्यात चालायची, आणि हिवाळ्याआधी तिथला एक पूल चक्क घडी घालून काढून ठेवत असत. १९८२ मध्ये खिंडीखालून बोगदा झाला. जुना घाटमार्ग स्वयंसेवकांनी जिवंत ठेवला असून, परदेशी विकली गेलेली त्या मार्गावरची काही मूळ इंजिने त्यांनी १९९० मध्ये व्हिएतनामहून परत आणली.

बेर्निना मार्ग १९१० मध्ये पूर्ण झाला. २,२५३ मीटरवरची खिंड तो दातेरी रुळांशिवाय, सात टक्क्यांच्या चढाने ओलांडतो आणि इटलीतल्या तिरानो गावात उतरतो. बर्फाळ माथ्यापासून द्राक्षमळ्यांपर्यंतचा हा बदल काही तासांत डोळ्यांसमोर घडतो. कूर शहराकडून सेंट मॉरिट्झकडे जाणारा आल्बुला मार्ग आणि पुढचा बेर्निना मार्ग हे दोन्ही २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आल्बुला मार्गावरचा ६५ मीटर उंचीचा लँडवासर पूल वळत वळत थेट उभ्या कड्यातल्या बोगद्याच्या तोंडात शिरतो. कूरहून निघताना उजवीकडची जागा घेतली, तर तो नीट दिसतो.

एकच निवडायची असेल, तर बेर्निना. आठ तास एकाच खुर्चीत बसणे बहुतेकांना दुपारनंतर जड जाते. आणि खरे सांगायचे तर एक्सप्रेसचीही गरज नाही. त्याच रुळांवरून दर तासाच्या सुमारास रेटियन रेल्वेच्या साध्या लाल गाड्या जातात, वाटेत कुठेही उतरता येते, आणि त्यांतल्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. काचेच्या छताच्या डब्यातून काढलेल्या छायाचित्रांत समोरच्या प्रवाशाचे प्रतिबिंब हमखास येते. उघड्या खिडकीतून ते येत नाही.

फलाटावर आपला डबा कसा ओळखावा?

पिवळ्या रंगाचा छापील तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा आणि पांढरा येणाऱ्या गाड्यांचा असतो. फलाटाचे ए, बी, सी, डी असे भाग पाडलेले असतात आणि गाडीचा कोणता वर्ग कोणत्या भागात थांबेल, हे वरच्या पडद्यावर दिसते. पहिल्या वर्गाच्या डब्याला वर पिवळा पट्टा असतो. दुसरा वर्गही पुरेसा ऐसपैस असतो. पहिल्यासाठी जादा पैसे द्यावेत असे मला वाटत नाही, गर्दीच्या वेळा सोडल्यास.

काही गाड्या वाटेत दुभंगतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी डोंगरी गाडी झ्वायल्युचिनेन येथे दोन तुकड्यांत विभागते. एक लाउटरब्रुनेनला जाते, दुसरी ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढावे. झ्युरिकच्या मुख्य स्थानकात काही फलाट जमिनीखाली खोल आहेत, तिथे गाडी बदलताना हातात दहाएक मिनिटे असू द्यावीत.

स्थानकात शिरताना तिकीट तपासायला फाटक नसते. याचा अर्थ तपासणी होत नाही असा नाही. ती गाडीत होते, आणि विनातिकीट प्रवाशाला जागेवरच दंड होतो. अनवधानाची सबब सहसा ऐकून घेत नाहीत.

गाड्या खरेच कधी उशिरा येत नाहीत?

येतात. मात्र इथे तीन मिनिटांहून कमी उशीर असेल तरच गाडी वेळेवर धरतात, आणि त्या मापाने दहापैकी नऊहून अधिक प्रवासी वेळेवर पोहोचतात. उशीर बऱ्याचदा सीमेपलीकडून येतो. जर्मनीहून फारच उशिरा आलेली गाडी बाझललाच थांबवून पुढे वेळेवर स्विस गाडी सोडण्याची रीत आहे. तुमच्या तिकिटावर गाडी बदलण्यासाठी चारच मिनिटे दाखवली असतील, तर घाबरू नये. तेवढी पुरतील असे गृहीत धरूनच ती दिलेली असतात.

सामानाचे काय?

डब्यांत सामानासाठी मांडण्या असतात आणि वजन कोणी करत नाही; पण हमालही नसतात. मोठ्या स्थानकांत लॉकर मिळतात. पैसे भरून बॅगा एका स्थानकातून दुसऱ्या स्थानकात पुढे पाठवता येतात. झरमॅटसारख्या, मोटारींना बंदी असलेल्या गावी जाताना या सोयीचा विशेष उपयोग होतो.

प्रवासाला कोणता काळ चांगला?

जून ते सप्टेंबर हा सर्वांत सोयीचा काळ. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ग्लेशियर एक्सप्रेस बंद असते आणि नोव्हेंबरात पुष्कळ रज्जुमार्ग दुरुस्तीसाठी थांबतात. पिलाटसची दातेरी रेल्वे हिवाळ्यात चालत नाही. रीगी आणि युंगफ्राऊयोखच्या गाड्या बारमाही असतात. डिसेंबरच्या मध्याला देशभराचे वेळापत्रक बदलते, तेव्हा त्या सुमारास जुन्या टिपणांवर विसंबू नये.

गाडीत जेवण मिळते का?

लांब पल्ल्याच्या काही गाड्यांना भोजनयान असते, पण ते महाग पडते. स्वतःचे पदार्थ खाण्यास मनाई नाही. रविवारी गावातली दुकाने बंद असतात, मोठ्या स्थानकांतली मात्र उघडी असतात; त्या दिवशीची शिदोरी तिथूनच घ्यावी.